वनमालाकाकीची शेगडी

आमच्या काजूपाड्यातल्या चाळीत गेल्या कित्येक वर्षांत असं एक मूल जन्माला आलं नसेल, ज्याला वनमालाकाकीने उलटं धरून पाठीत धपाटा घातला नाही. माझ्या दोन्ही पोरी तिच्याच पायांवर न्हायल्या. पाय लांब करून ती मोरीत पाटावर बसायची, बाळ पालथं टाकायची आणि असं रगडायची की बाळाची आई दारामागे उभी राहून डोळे पुसायची. त्या आईला काकी बसल्या जागेवरून दम द्यायची. तेल, हळद-बेसन, कढत पाणी आणि मग धुरी. धुरी म्हणजे शेगडीतल्या निखाऱ्यांवर ओवा आणि लसणाची सालं टाकायची आणि त्या धुरावर बाळाला दुपट्यातून धरायचं. बाळ ठसकायचं, लालबुंद व्हायचं आणि मग दुपारपर्यंत गाढ झोपायचं. बाळंतिणीला वेगळा शेक असायचा. तिच्या खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी सरकवायची, वर घोंगडी घालायची आणि घाम फुटेपर्यंत उठू द्यायचं नाही.

हल्लीचे डॉक्टर धुरीला नको म्हणतात. वरच्या मजल्यावरच्या प्रियंकाने तसं सांगून बघितलं, तर काकी म्हणाली, मग डॉक्टरलाच बोलव पाय लांब करून बसायला. काकीशी वाद घालण्यात काही अर्थ नसायचा. आपल्या हातून आजवर एकाही पोराला काही झालं नाही, हे ती दिवसातून एकदा तरी कुणाला तरी ऐकवायची, आणि ते खरंही होतं. खरं बोलणाऱ्या माणसाचा जेवढा राग येतो तेवढा खोटं बोलणाऱ्याचा येत नाही.

नवरा चंद्रप्रकाश गिरणीत होता. गिरणी बंद पडल्यावर तो मरोळच्या एका कारखान्यात रखवालदारी करत राहिला आणि तिथेच, खुर्चीत बसल्याबसल्या गेला. पुढे काकीने लोकांची बाळं न्हाऊ घालून एकुलत्या एका सिद्धेशला शिकवलं. आता सिद्धेशही मरोळलाच जातो, फक्त कारखान्याऐवजी काचेच्या इमारतीत, रात्रपाळीला. त्याने श्वेताशी लग्न केलं आणि वर्षभरात श्वेताला दिवस गेले, तेव्हा काकीने चाळीत जमिनीवर पाय ठेवायचं सोडलं होतं. मालाडच्या बाजारातून नवी लोखंडी शेगडी आणली. जुन्या सुती साड्या फाडून दुपटी शिवली. छताला पाळण्याची कडी होती, ती वजन पेलते का हे बघायला स्वतः तिला लोंबकळली. मी म्हटलं, काकी, नातवंड काय पोत्याएवढं होणार आहे का? त्यावर ती म्हणाली की माझ्या घरातलं पोर आहे, सांगता येत नाही.

मूल आठव्या महिन्यात पोटातच गेलं. मुलगी होती.

श्वेता हॉस्पिटलातून घरी आली ती भिंतीकडे तोंड करून निजली. शेगडी, दुपटी, ओव्याची पुडी, सगळं पत्र्याच्या पेटीत भरून काकीने पोटमाळ्यावर टाकलं. साऱ्या चाळीच्या बाळंतिणींना घाम फोडणाऱ्या बाईने स्वतःच्या सुनेला ना तेल लावलं ना शेक दिला. बाळ नसलं तरी बाळंतीण ती बाळंतीणच, हे काकीला मी सांगायला हवं होतं थोडंच? सुनेवर राग धरलाय, असं आम्हा सगळ्यांना वाटलं. श्वेतालाही तसंच वाटत असणार, पण ती काही बोलायचीच नाही. तेव्हापासून तिला सारखी थंडी वाजायची. मुंबईत ऐन एप्रिलमध्ये स्वेटर घालून नळावर येणारी बाई मी पहिल्यांदाच बघितली.

बायको बोलेना म्हणून सिद्धेशने एक दिवस पक्ष्यांची जोडी आणली. दुकानदार त्यांना कॉकटेल म्हणतात. राखाडी अंग, डोक्यावर पिवळा तुरा आणि गालावर नारिंगी टिकली, कुणी रूज लावून बसवल्यासारखी. पिंजरा टांगायला घरात दुसरी जागा नव्हती, म्हणून तो पाळण्याच्या कडीला टांगला. काकी दोन दिवस मुलाशी बोलली नाही. मलाही त्या पक्ष्यांच्या शिट्ट्यांचा उबग आला होता, पण श्वेता त्यांना शिट्टी घालायला लागली म्हणून मी तोंड बंद ठेवलं.

डिसेंबर सरता सरता त्या जोडीची तीन पिल्लं झाली आणि दोघांनी त्यांना चारणं सोडून दिलं. पहिलटकर होते बिचारे. श्वेताने पिल्लं काढून घेतली, थर्मोकोलच्या खोक्यात ठेवली आणि आत एक पिवळा बल्ब सोडला, कारण अंगावर पिसं येईपर्यंत त्यांना स्वतःची ऊब नसते. ती सिरिंजने कोमट पेज भरवायची आणि पुसायची. रात्रीतून उठायची. एकदा नळावर तिने आपणहून मला थांबवून सांगितलं की धाकट्याने आज डोळा उघडला. मी हंडा भरायचं विसरून तिच्याकडे बघत राहिले. काकी तिच्या मागेच उभी होती. श्वेता गेल्यावर काकी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "लता, ती पिल्लां जगूक व्हयी गो. ती गेली तर ही परत भिंतीकडे तोंड करून निजतली."

मालवणी तिच्या तोंडून घाबरल्यावरच बाहेर यायची.

जानेवारीतल्या त्या सकाळी डोंगरावरून, राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूने, असा वारा सुटला होता की दूधवाल्याने कानटोपी घातली होती. आमच्याकडे एरवी लाईट गेली की पंखा थांबतो आणि पाच मिनिटांत सगळी चाळ गॅलरीत येऊन शिव्या द्यायला लागते. त्या दिवशी कुणाच्याच घरी पंखा चालू नव्हता. रस्ता काँक्रीटचा करायला खणत होते, त्यात पहाटेच्या अंधारात कुठेतरी केबल तुटली आणि सगळी गल्ली गोधडीत सुखाने झोपून राहिली. श्वेता उजाडताना पिल्लांना भरवायला उठली, तेव्हा खोक्यातला बल्ब कधीचा विझलेला होता.

तिने माझं दार वाजवलं आणि तुमच्याकडे तरी लाईट आहे का, असं विचारलं. माझं उत्तर ऐकायला ती थांबलीच नाही.

मी गेले तर काकी गॅस पेटवून पाणी तापवत होती. मोठी जोडी पिंजऱ्यात पिसं फुलवून एकमेकांना चिकटून बसली होती. त्यांची काळजी नव्हती. पिल्लं मात्र खोक्यात तीन बाजूंना पडली होती, चोच मिटलेली, अंग गार. एरवी झाकण उघडलं की तिघं माना वर करून खरखरत ओरडायची. श्वेताने हात घातला तरी एकही मान वर झाली नाही. काकी म्हणाली, आधी पोटात काहीतरी घाल. श्वेता म्हणाली की गार पिल्लाला भरवलं तर ते पचत नाही, आतच आंबतं, आधी ऊब पाहिजे.

थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत गरम पाणी भरून, ती फडक्यात गुंडाळून आम्ही पिल्लांच्या मधे ठेवली. जरा वेळाने एका पिल्लाने पाय हलवला. मग दुसऱ्याने. माझ्याही जिवात जीव आला, खोटं कशाला बोलू. आणि तेवढ्यात प्लॅस्टिक आवळलं, बूच सैल झालं आणि पाणी खोक्यात सांडलं. आम्ही पुसेपर्यंत पिल्लं भिजली, आणि त्या वाऱ्यात भिजलेलं अंग आणखीच गार पडलं. सगळ्यात धाकटं, डोळा उघडलेलं, श्वेताच्या तळहातावर एकदा ताणलं गेलं आणि मग सैल पडलं. तिने त्याला खाली ठेवलं नाही. दुसऱ्या हाताने ती उरलेल्या दोघांना पुसत राहिली.

ऊन आलं असतं तर सगळं निभावलं असतं. पूर्वी आमच्या गॅलरीत सूर्य उगवला की ऊन यायचं, पापड वाळत घालायला भांडणं व्हायची. समोर टॉवर झाला आणि आता ऊन येतं ते माणसं डबा खायला बसतात तेव्हा. त्या टॉवरमध्ये जनरेटर आहे, तिथे कुणाच्या घरी खोका नेऊन ठेवू, असं मला सुचलं. श्वेताला मेडिकलच्या दुकानात रबरी पिशवी मिळेल असं वाटलं. पण आधी विचारून यायला हवं होतं, तोवर पिल्लं त्या वाऱ्यात बाहेर नेणं शक्यच नव्हतं. तिने धाकट्याला खोक्याशेजारी ठेवलं, उरलेल्या दोघांना कोरड्या फडक्यात गुंडाळून काकीच्या ओंजळीत दिलं आणि म्हणाली, "आई, फक्त अशीच धरून बसा. मी येईपर्यंत दुसरं काही करू नका."

काकीने मान हलवली. तेलाने मऊ झालेले ते तिचे हात, किती पोरं त्यांतून गेली होती. मला वाटलं, याहून चांगली जागा पिल्लांना मिळायची नाही.

टॉवरच्या वॉचमनने जनरेटर फक्त लिफ्टपुरता आहे असं सांगितलं. मी म्हटलं, मग मला लिफ्टमध्ये बसू दे खोका घेऊन. तो हसला. त्याला कोणत्या शब्दांत सुनावलं ते इथे लिहीत नाही. परत फिरले तर जिन्यात श्वेता भेटली, हात रिकामे, धाप लागलेली. मेडिकल उघडलंच नव्हतं. सिद्धेशला फोन लावला होता, तो निघालो म्हणत होता, पण मरोळहून तो पोचेपर्यंत काय उरणार होतं?

आणि तिथे, जिन्याच्या वळणावर, आम्हा दोघींना वास आला. ओवा आणि लसणाची सालं. आमच्या चाळीत हा वास आला की समजायचं, कुणाकडे तरी बाळ आलं. किती वेळा त्या वासाने माझं मन हलकं झालंय. त्या दिवशी श्वेताचा चेहरा बघितला आणि मी तिच्यामागे जिना धावत चढले.

काकीने वारा लागू नये म्हणून दार-खिडकी गच्च लावली होती. पोटमाळ्यावरची पेटी खाली काढून जमिनीवर उघडी टाकली होती, आणि मधोमध ती शेगडी धुमसत होती. पिंजऱ्यातली जोडी गजांवर पंख आपटत होती. काकी पाय लांब करून बसली होती, बाळाला धरतात तशी, आणि त्या दुपट्यांतल्या एका दुपट्यात दोन पिल्लं गुंडाळून तिने धुरावर धरली होती. तिच्या तोंडावर आशा होती, तीच मला अजून बघवत नाही. ती म्हणाली, बघ, तोंड उघडलं, श्वास घ्यायला लागली.

दोन्ही पिल्लांनी चोची उघड्या टाकल्या होत्या. त्यातल्या एकाची मान मागे पडली होती.

श्वेताने दुपटं ओढून घेतलं. मी पिंजरा कडीवरून उतरवला, माझ्या घरात नेऊन ठेवला, वर चादर टाकली आणि धावत परत आले. श्वेता गॅलरीत भिंतीला टेकून बसली होती. एक पिल्लू तिच्या मांडीवर निपचित होतं. शेवटचं तिने गाऊनच्या आत छातीशी धरलं होतं, वर स्वेटर. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"आई," ती म्हणाली, "ती माणसांची पोरं नव्हती. धूर त्यांना सोसत नाही."

काकी दारात उभी होती. तिच्या अंगाला माझ्या दोन्ही पोरींच्या न्हाणाचा वास येत होता. ती माझ्याकडे बघून, मला ऐकू येईल एवढंच म्हणाली, "लता, माझ्या हातान गेला गो." मग स्वतःच्या हातांकडे बघत राहिली, जसे काही ते दुसऱ्या कुणाचे असावेत. जन्मभर मिरवलेला एकच तर अभिमान होता तिचा. तिला जवळ घ्यावं असं वाटलं आणि गदागदा हलवावं असंही वाटलं.

पण रडायलाही सवड नव्हती. शेवटचं पिल्लू जगेल असं काही दिसत नव्हतं. श्वेता स्वतःच कुडकुडत होती. तिचे ओठ निळसर झाले होते, बोटं बर्फाची. "माझ्याच अंगात ऊब नाही मावशी," ती मला म्हणाली, "तुम्ही घ्या त्याला." मी हात पुढे केला, तर तिला हात सोडवेना. दोनदा म्हणाली घ्या, आणि दोन्ही वेळा आणखी घट्ट धरून बसली. मी तिच्या अंगावर माझी शाल टाकली. शालीने काय होणार? आतूनच थंड पडलेल्या माणसाला वरून किती पांघरणार?

तेवढ्यात आतून फरफटत काहीतरी आणल्याचा आवाज झाला. खोलीत अजून धूर होता, म्हणून काकी लोखंडी खाट ओढत गॅलरीत आणत होती. खाट टेकवून ती आत गेली आणि शेगडी घेऊन आली. तिने जळका ओवा, सालं, सगळं चिमट्याने वेचून मोरीत टाकलं होतं आणि नुसते लाल निखारे ठेवले होते, वर राखेचा पातळ थर, धुराचा मागमूस नाही. नवी म्हणून जपलेली ती शेगडी आतून गंजलेली मला तेव्हा दिसली. पण माझं डोकं तडकलं होतं. मी आडवी उभी राहिले आणि म्हटलं, काकी, पुरे झालं आता, त्या एकाला तरी सोड.

"पिल्लाक नाय," काकी म्हणाली. "हिका."

मी बाजूला झाले.

तिने श्वेताला काखेत हात घालून उठवलं आणि खाटेवर निजवलं, पिल्लू छातीशी तसंच ठेवून. शेगडी कमरेच्या खाली सरकवली. घोंगडी घातली, पण गळ्यापाशी उघडी ठेवली आणि पिल्लाला मोकळी हवा मिळते ना हे तिने मला दोनदा बघायला लावलं. स्वतः वाकून बघायचा धीर तिला नव्हता. मग ती पायथ्याशी बसली, तेल कोमट केलं आणि श्वेताचे तळवे चोळायला लागली. गॅलरीतली माणसं दारं उघडून बघत होती. प्रियंका काहीतरी विचारायला आली, तिला मी डोळ्यांनीच परत पाठवलं.

खाली रस्त्यावर केबलवाले आणि रस्तेवाले एकमेकांच्या नावाने खडे फोडत होते. श्वेताच्या ओठांचा निळा रंग हळूहळू गेला. कपाळावर, केसांच्या मुळाशी, घाम दिसला. तिने डोळे मिटूनच विचारलं, "तेव्हा का नाही दिलात?"

काकीचे हात थांबले नाहीत.

"पेटवली होती," ती म्हणाली. "तू घरी आलीस त्याच दिवशी पेटवली होती. फुंकता फुंकता मनात आलं, ह्या वासाला घरात बाळ लागतं. तू निजलेली उठशील आणि बाळ शोधशील. मग मी पाणी ओतलं शेगडीत." आणि ती म्हणाली, "तुझ्यावर नव्हता गो राग. माका जमला नाय."

म्हणजे तो गंज त्या पाण्याचा होता. आम्ही सगळे इतके दिवस राग राग म्हणून बसलो होतो आणि ही बाई भिजलेले निखारे पेटीत भरून वर टाकून आली होती. श्वेताच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानांकडे ओघळायला लागलं, हुंदका नाही की काही नाही. मुलगी गेल्यावर ती रडलेली मी तोवर बघितली नव्हती. काकी ते बघत होती आणि तळवे चोळत होती.

मग घोंगडीच्या आतून एक सुकं, खरखरीत ओरडणं आलं. बारीकसं. थांबलं, आणि परत आलं. श्वेताने हळूच गाऊनची कड बाजूला केली, तर पिल्लाची मान वर झाली होती, लटपटत, चोच उघडी, भूक लागल्यावर करतात तशी. मी काकीकडे बघितलं. ती जागची हलली नाही. पिल्लाला हात लावायला पुढे झाली नाही, फक्त विचारलं, "भूक म्हणतंय का ते?" श्वेताने हो म्हटलं. मग काकीने मला आत जाऊन पेज कोमट करायला सांगितलं आणि जिभेवर नाही, मनगटावर थेंब टाकून बघ, असं बजावलं.

मी पेज घेऊन बाहेर येतेय तोच गल्लीभर आरडाओरडा झाला. लाईट आली होती. आत जमिनीवर, उघड्या पेटीशेजारी, ओल्या रिकाम्या खोक्यात पिवळा बल्ब पेटला. त्याच्याजवळ मी मघाशी गेलेली दोन पिल्लं दुपट्यात गुंडाळून ठेवली होती.

काकी लगबगीने उठली. "लाईट इली," ती म्हणाली. "खोका पुसून देतंय. पिल्लाक आत ठेवूया?"

श्वेताने सिरिंज माझ्या हातातून घेतली. पिल्लू छातीवरच ठेवून तिने त्याला पहिला थेंब दिला आणि तो गिळेपर्यंत वाट बघितली.

"राहू दे त्याला इथंच," ती म्हणाली. "शेगडी काढू नका, आई. मला अजून थंडी वाजतेय."

काकी परत खाली बसली आणि पुठ्ठ्याने निखाऱ्यांवरची राख झटकायला लागली.